लाल रेघेपर्यंत

वजनकाटा हातगाडीवरून नदीकाठी न्यायचा, एवढेच त्या दिवशीचे काम होते. दुपार कलली होती. धाकट्याने काटेदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप घातले, ओतीव लोखंडाचा तो जुना काटा घोंगडीत गुंडाळून गाडीवर चढवला, प्रमाणित वजनांची पेटी त्याच्या शेजारी ठेवली आणि उताराच्या रस्त्याने, गाडी मागे रेटून धरत, तो थोरल्या भावाच्या घराकडे निघाला. धाकटा म्हणायचे, पण त्याची पन्नाशी केव्हाच उलटली होती. घरात त्याच्यानंतर कुणी जन्मले नाही, म्हणून ते नाव आयुष्यभर अंगाला चिकटून राहिले. आता त्या नावाने हाक मारणारा मात्र कुणी उरला नव्हता.

थोरला पंपांच्या कारखान्यात मोटारींचा कारागीर होता. सुट्टीच्या दिवसांत त्याने एक मोडकळीला आलेली होडी आणून तिची फळी न् फळी बदलली, तिला मागे एक लहानशी मोटार बसवली, आणि या होडीतून नवराबायकोने नदीच्या मुखापर्यंत जायचे असा बेत आखला. प्रवास पाच-सहा दिवसांचा. रात्री काठाला मुक्काम, दिवसा पाण्यावर. दर वर्षी काहीतरी आडवे येई. कधी कारखान्याचे काम, कधी मोटारीचे दुखणे. शेवटी त्याचे स्वतःचे दुखणे आले, आणि ते त्याला घेऊनच गेले. त्यानंतर वर्षभर वहिनी होडीकडे फिरकल्या नाहीत. मग एके दिवशी त्यांचा निरोप आला, "भाऊजी, मी जाणार आहे. येणार असाल तर सामानाचं तुम्ही बघा."

तो पोहोचला तेव्हा वहिनी ओसरीवर होडीच्या छताचे जाड कापड शिवत बसल्या होत्या. शिवणकाम हाच त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. दोऱ्याचे टोक दातांत धरूनच त्यांनी मान वर केली.

"हे काय? मला वाटलं, पिशव्या घेऊन याल. तुम्ही दुकानच उचलून आणलंत."

"होडी म्हणजे तरी काय, वहिनी? काटाच. एवढंच, की हा काटा चुकला तर माणूस बुडतो."

"आल्या आल्या अभद्र बोलू नका. चहात साखर किती?"

"नेहमीची."

"तोलून घालते हो. उगाच तुमचा विश्वास नको उडायला."

स्वयंपाकघराच्या भिंतीवर नदीचा लांबट नकाशा लावलेला होता. वाफेने त्याच्या कडा वळल्या होत्या. कुठे इंधन मिळेल, कुठे काठ उतरायला सोपा आहे, कोणत्या वळणावर उजवी बाजू धरायची, हे सारे वहिनींना तोंडपाठ होते. तिसऱ्या दिवशीच्या टप्प्यावर त्यांनी बोट ठेवले. तिथे नदी तळ्यासारखी पसरत होती.

"हे रुंद पाणी. दुपारनंतर इथे वारा सुटतो आणि लाटा उठतात. सकाळीच पार व्हायला हवं."

"म्हणजे होडीचा काठ पाण्यापासून पुरेसा वर हवा," धाकटा म्हणाला. "भार जास्त झाला की लाट थेट आत."

"म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं. आणि उशीर नको, भाऊजी. पाणी रोज उतरतंय. आठपंधरा दिवसांत वाळू वर येईल. पुढच्या वर्षी मोटारीची दोरी ओढायला माझ्या खांद्यात बळ असेल-नसेल."

धाकट्याने कामाला आपल्या पद्धतीने हात घातला. घरामागे नदीचे पाणी आत शिरून एक शांत खाडगे झाले होते, तिथे लाकडी धक्क्याला होडी बांधलेली असे. रिकामी होडी जिथवर पाण्यात होती तिथे त्याने पहिली रेघ ओढली, मग आत पितळी आणि लोखंडी प्रमाणित वजने, ती संपल्यावर काट्यावर तोललेली वाळूची पोती एकामागून एक ठेवली, आणि दर वेळी पाणी जिथवर चढे तिथे बाहेरून एक बारीक पांढरी रेघ ओढली. संध्याकाळपर्यंत होडीच्या अंगावर रेघांची एक शिडी उमटली. आता पाण्याकडे पाहिले की आत किती वजन आहे ते सांगता येत होते. होडीच आता काटा झाली होती. सर्वांत वर त्याने एक लाल रेघ ओढली.

"ही बुडली, की धक्का सोडायचा नाही," तो म्हणाला.

"जशी आज्ञा," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सामान चढले. पाण्याचे डबे, इंधनाचा डबा, स्टोव्ह, तांदूळ, बटाटे, नांगर, दोर, कपड्यांची ट्रंक. प्रत्येक वस्तू आधी काट्यावर, मग होडीत. माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवायची होती, कारण आत बसून बाहेरची रेघ वाचता येत नाही.

"हे पोतं तुम्ही, हे मी," धाकट्याने सांगितले.

"माझं पोतं जरा फुगलेलं नाही का वाटत?"

"काट्याची तक्रार काट्याकडे करा."

वहिनी हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या. मग धाकटा धक्क्यावर पालथा पडून रेघा वाचू लागला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. पाणी जिथे हवे होते त्याच्या वर होते. हिशेबापेक्षा होडी जड होती. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, किंचित झुकलेलीही होती. त्याने तळाशी हात घालून पाहिले. कोरडे. सामान मोजून पाहिले. बरोबर. जास्तीचे वजन अडतीस किलोंच्या थोडे वर भरत होते.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. काटा चुकला, हे त्याच्या पचनी पडेना. आयुष्यात त्याने दुसऱ्यांचे काटे सुधारले होते. स्वतःच्या काट्याने त्याला कधी खाली पाहायला लावले नव्हते. सकाळी त्याने काटा पुन्हा पारखला. सुईची हालचाल निर्दोष होती. दुपारी सामान पुन्हा चढवले. या खेपेस जास्तीचे वजन चाळीसवर गेले होते.

"लाकूड पाणी पीत असेल," वहिनी म्हणाल्या. त्या कापडाच्या कडेला टीप घालत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

"लाकूड पुढच्या बाकापाशीच बरं पाणी पितं?"

वहिनींनी दोरा तोडला आणि सुईत नवा ओवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकट्याने ठरवले की सगळे काढून पाहायचे. त्याने ट्रंक काढली, डबे काढले, पोती ओढून धक्क्यावर घेतली, नांगर आणि दोरसुद्धा बाहेर काढले. ऊन मावळले होते. खाडग्याचे पाणी शाईसारखे गर्द आणि निश्चल झाले होते. पलीकडच्या झाडीतून एकाच पक्ष्याचा आवाज थांबून थांबून येत होता आणि प्रत्येक वेळी तो थांबला की शांतता आधीपेक्षा दाट वाटे. होडीत आता काहीही नव्हते. दोन रिकामी बाके, मागे मोटार. धाकट्याने खाली वाकून पाहिले.

पाणी सर्वांत खालच्या रेघेवर असायला हवे होते. ते त्याच्या कितीतरी वर होते.

त्याने गुडघे टेकले. मग, का ते त्यालाही सांगता आले नसते, त्याने हात लांब करून पुढच्या बाकावर तळवा टेकवला. लाकूड गार होते. क्षणभर काहीच घडले नाही. आणि मग होडी हळूच त्याच्या बाजूला कलली... बसलेला माणूस हाताकडे सरकला की कलते, तशी. पाण्यावर एक वर्तुळ उमटले आणि सावकाश, अगदी सावकाश पसरत गेले. मोटारीच्या तेलाचा वास आला. आणि त्याखाली, फार पुसट, आजारी खोलीचा. औषधी मलमाचा...

त्याने हात झटकन मागे घेतला.

"दादा...?"

पक्षी ओरडायचा थांबला.

अडतीस हा आकडा कुठे ऐकला होता, ते तेव्हा त्याच्या ध्यानात आले. दादाच्या आजारात औषधाची मात्रा वजनावर ठरत असे, म्हणून डॉक्टरांनी रोजचे वजन मागितले होते. धाकटा रोज सकाळी लहान काटा घेऊन यायचा. दादा त्यावर उभा राही आणि तोल जाऊ नये म्हणून एक हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवी. "दादा, खांदा सोड, काटा कमी दाखवतो," धाकटा म्हणे. मग दादा क्षणभर हात सोडी, डोलत उभा राही, आणि तेवढ्यात आकडा वाचायचा. "सांग रे धाकट्या. आणि गोड करून सांगू नकोस." धाकटा खरा आकडा सांगे. रोज थोडा कमी. सर्वांत शेवटचा आकडा अडतीस होता. त्यानंतर दादाला उभे राहवले नाही.

पाठीमागे पावले वाजली. वहिनी कंदील घेऊन धक्क्यावर आल्या होत्या.

"घाबरलात?"

"तुम्हाला... ठाऊक होतं?"

"तुम्ही रेघा ओढल्यात त्या संध्याकाळी छताचं कापड लावून पाहायला होडीत बसले होते, तेव्हाच. मी मागच्या बाकावर होते. कात्री मध्ये ठेवली, तर ती माझ्या बाजूला यायची ती पुढे घसरत गेली. पुढे कुणी बसलं असावं, तशी." त्या थांबल्या. "सुकाणू तुझं, पाण्याची खोली मोजायची काठी माझी, असं हे म्हणायचे ना. पुढचं बाक ह्यांचंच."

धाकट्याने वाकून पुन्हा रेघा पाहिल्या. वहिनींनी कंदील खाली ठेवला आणि, दादाच्या आजारात रोज सकाळी ज्या आवाजात विचारत त्याच आवाजात, दबकत विचारले, "आज किती?"

"बेचाळीस."

"म्हणजे वाढतंय." त्यांचा स्वर कापला, पण भीतीने नव्हे. "हे बरे होताहेत, भाऊजी."

"वहिनी, काट्याला वजन कळतं. कुणाचं आहे, ते कळत नाही."

"काट्याला नसेल. मला कळतं."

धाकट्याने खरोखर मनापासून विचार केला असता तर कदाचित दुसरे काही सुचले असते. पण त्याला सुचायला नको होते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो धक्क्यावर हजर झाला.

त्यानंतरचे दिवस विलक्षण गेले. भीती होती, पण घरात मोठ्या आजारातून उठणारे माणूस असावे तशी एक धांदलही होती. आजारात जे आकडे रोज उतरत गेले तेच आकडे आता उलट्या क्रमाने येत होते. सत्तेचाळीस, पन्नास, चोपन्न. एकेकाळी जे आकडे सांगताना तो भिंतीकडे पाहत असे, ते आता तो धक्क्यावरून मोठ्याने ओरडून सांगे, आणि ओसरीवरून वहिनींचा आवाज येई, "एवढंच? काल रात्री तर चांगलं वाटत होतं!" पुढच्या बाकावर त्यांनी एक उशी नेऊन ठेवली. धाकटा दुपारी मधल्या फळीवर बसून बोलत राही. दुकानातल्या गोष्टी, कुणी काटा फोडून आणला, कुणी वजनाखाली मेण लावले. बोलता बोलता तो थांबे. समोरून काहीच येत नसे. फक्त होडी इतकी हलके डोले की डोलली असे छातीठोकपणे म्हणता येऊ नये.

एकाहत्तरवर आकडा थांबला. धडधाकट असताना दादाचे वजन तेवढेच होते. दुसऱ्या दिवशी तेवढेच, तिसऱ्या दिवशीही तेवढेच. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "झाले बरे. आता निघायचं."

आणि मग सामान चढवले, दोन पोती ठेवली, तेव्हा लाल रेघ पाण्याखाली गेली.

स्टोव्ह काढला. बटाटे निम्मे केले. ट्रंकेऐवजी कपड्यांचे गाठोडे केले. जेवणाची भांडी काढून एक पातेले ठेवले. रेघ काही वर येईना. पाणी, इंधन, नांगर आणि दोर यांना हात लावता येत नव्हता. उरली माणसे. धाकट्याने दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले नाही.

"मी उतरतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माझं पोतं काढलं की रेघ बरोबर पाण्याला टेकते. होडी दोघांची आहे, वहिनी. पहिल्यापासून दोघांचीच होती."

"काहीतरीच काय! पोहता येत नाही म्हणून सबब काढताय."

"तेही आहेच."

"मी एकटी कशी जाऊ?"

"एकट्या कुठे जाताय?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्या रागावल्याही. "तुमचाही तो भाऊ होता. तुम्हालाही जायचं होतं. मला काय दिसत नाही का, काठी किती वेळा पुसून ठेवलीत ती?"

"रुंद पाण्यात लाट आत आली तर मी कुणाला तोंड दाखवू? दादा मला पुन्हा हाक मारील का?" त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "तुम्ही जाऊन या. आल्यावर पुन्हा तोलीन दोघांना. नदीच्या हवेनं अंगाला लागलं की नाही, ते कळेल."

वहिनींनी पुढच्या बाकावरची उशी नीट केली. मग म्हणाल्या, "मोटार तुम्ही सुरू करून द्या. पहिली ओढ मला जड जाते." ते त्यांचे कबूल करणे होते.

निघायची सकाळ स्वच्छ उगवली. पाण्यावरचे धुके पातळ होत होते आणि पलीकडच्या काठाची झाडे एकेक करून पुढे येत होती. वहिनी मागे सुकाणूपाशी बसल्या. धाकटा मध्ये उभा राहून गाठोडे नीट लावत होता, डब्यांच्या मधे गोणपाट खुपसत होता, आणि काम संपू नये म्हणून पुन्हा तेच काढून लावत होता. मग त्याने मोटारीची दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मोटार धडधडू लागली. पुढच्या बाकावरची उशी दबलेली दिसत होती.

"सांभाळून ने, दादा," तो हलकेच म्हणाला. वहिनींना ऐकू जाऊ नये इतक्या हलकेच.

तो धक्क्यावर चढला. त्याच्या पायाखालची फळी लवली. त्याने वाकून दोर सोडला, होडीला पायाने किंचित रेटले, आणि सवयीने त्याची नजर रेघेकडे गेली.

लाल रेघ पाण्याला टेकलेली नव्हती. ती उघडी होती, वर, चांगली वीतभर उंच वाटावी इतकी. खालच्या पांढऱ्या रेघाही एकेक करून पाण्याबाहेर आल्या होत्या आणि त्यांवरून थेंब ओघळत होते. एका माणसाचे वजन कमी झाले की होडी एवढी उचलत नाही. मागे वहिनी, पुढे कुणीच नाही, अशी ती नाळ वर करून पाण्यावर चढली होती. बाकावरची उशी फुगून गोल झाली होती.

आणि त्याच्या डाव्या हाताची, त्याने पाय न ठेवलेली फळी सावकाश खाली लवली... आणि तशीच राहिली.

धाकट्याच्या अंगावर शहारा आला नाही, हे नवल. त्याच्या खांद्यावर, एके काळी रोज सकाळी पडे तसा, हलकासा भार पडला होता. आधार घेणाऱ्या माणसाच्या हाताचा. तो भार ओळखायला त्याला काट्याची गरज नव्हती.

"दादा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "तू का उतरलास? ती... ती एकटी गेली."

खांद्यावरची बोटे घट्ट झाली. भावाला धीर देताना होतात, तशी नव्हे. आजारात कळ आली की होत, तशी.

वहिनी बोलत होत्या. मोटारीच्या आवाजात शब्द कळत नव्हते, पण समोरच्या बाकाकडे तोंड करून, हात हलवत, जन्मभराच्या साठलेल्या गोष्टी सांगाव्यात तशा त्या बोलत होत्या. होडी खाडग्याच्या तोंडातून बाहेर पडून मोठ्या पाण्याला लागली. धाकट्याला ओरडायचे होते. पण काय ओरडायचे? ज्याच्यासाठी निघालात तो इथे आहे, असे सांगून त्या चेहऱ्यावरचे हसू पुसायचे? जाऊ दे, रिकाम्या बाकाने कुणाचे काही बिघडत नाही, असे त्याने मनाशी म्हटले, आणि निरोपाला हात वर केला.

तेव्हा नदीच्या मध्यावर, जिथे पाणी सर्वांत खोल होते तिथे, होडी एकदा डुचमळली. वर उचललेली नाळ खाली येऊ लागली. हळूहळू, पाण्यातून वर चढणारा माणूस काठावर आधी छाती टेकतो, मग गुडघा, मग आत येऊन बसतो, तशी ती टप्प्याटप्प्याने खाली आली आणि समतल झाली.

"वहिनी!" धाकटा ओरडला. "वहिनी, परत फिरा!"

मोटारीच्या आवाजात ते विरून गेले. वहिनींनी पाठीमागे न पाहताच आनंदाने हात हलवला आणि मान जरा कलती करून, ऐकू लागल्या. त्यांना आता कुणीतरी उत्तर देत होते.

धक्क्यावर, धाकट्याच्या शेजारची, अजूनही लवलेली फळी थरथरत होती.